आधी हात थांबू द्या

डबा बंद पडला आहे. पुन्हा एकदा चालू करून बघावा असं वाटत असेल, पण बटण दाबू नका. भिंतीवरचा स्विच बंद करा, वायर काढा आणि खुर्ची ओढून डब्यासमोर बसा.

हिंगोलीत ऐन लग्नसराईत ज्याच्या स्टुडिओतला सर्व्हर बसला आहे, त्याच्यासाठी हे लिहितो आहे. हळदीच्या आडतीचा हिशेब अशाच डब्यात ठेवणाऱ्याला किंवा शाळेचे जुने दाखले स्कॅन करून साठवणाऱ्यालाही ते चालेल. बाजारात याला नॅस म्हणतात. आत दोन किंवा चार हार्ड डिस्क, एक बोर्ड, एक पंखा आणि बहुतेक वेळा लिनक्स. दुकानातले सगळे कॉम्प्युटर वायफायवरून याच्याशीच बोलतात. काल रात्रीपर्यंत बोलत होते. आज दिवा लाल आहे, किंवा दिवाच नाही.

श्वास सावकाश होऊ द्या. डोक्यात या वेळी दोन विचार एकमेकांवर आदळत असतात. एक म्हणतो, सगळं गेलं. दुसरा म्हणतो, लगेच काहीतरी कर. दोघांनाही थोडा वेळ बाहेर बसवू.

पहिला विचार आधी तपासू. सगळं गेलं म्हणजे नेमकं काय गेलं? डिस्कवर दोन गोष्टी असतात. एक म्हणजे खुद्द फोटो, आणि दुसरी म्हणजे कोणता फोटो कुठे ठेवला आहे याची नोंद. तलाठ्याकडचं दप्तर जळालं म्हणून शेत जागचं हलत नाही, बांध तिथेच असतात, विहीर तिथेच असते. डब्यातही बहुतेकदा नोंद बिघडलेली असते किंवा नोंदीपर्यंत नेणारा बोर्ड मेलेला असतो. नवरीच्या हळदीचे फोटो त्या चकतीवर काल जिथे होते तिथेच आजही आहेत. या वाक्यापाशी थोडं थांबा. मनाला धीर यावा म्हणून मी हे सांगत नाही. या यंत्राची रचनाच अशी आहे. (डिस्कऐवजी एसएसडी असेल आणि फाइली चुकून डिलीट झाल्या असतील, तर मात्र ती पुसलेली जागा आपणहून मागच्या मागे रिकामी करत असते. तिथे वीज तोडण्याची घाई खरोखरच करावी.)

आता दुसरा विचार. लगेच काहीतरी कर. या अवस्थेतल्या डिस्कचं सर्वांत मोठं नुकसान तिच्यावर काहीतरी लिहिलं गेल्याने होतं, आणि आपण नुसतं बटण दाबलं तरी लिहिणं सुरू होतं. डबा उठतो तोच स्वतःच्या नोंदी लिहीत उठतो. फाइलव्यवस्था बिघडलेली दिसली की ती आपल्या समजुतीने दुरुस्त करायला लागतो. घाबरून डिस्क काढून विंडोजच्या कॉम्प्युटरला जोडली, तर पडद्यावर सभ्य भाषेत प्रश्न येतो, डिस्क इनिशियलाइझ करायची का, फॉरमॅट करायची का. विंडोजला ती मांडणी वाचता येत नाही म्हणून त्याला डिस्क कोरी वाटते, एवढाच त्या प्रश्नाचा अर्थ. उत्तर नाही असं द्या. तो प्रश्न कितीही वेळा आला तरी नाही.

हात थांबवणं किती मोलाचं असतं याचा एक दाखला तुमच्याच जिल्ह्याशी नातं सांगतो. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याच्या शिवारात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हायची आहे. केंद्र सरकारने १७ फेब्रुवारी २०१६ रोजी तिला तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या उभारणीला मंजुरी दिली. तिच्या अमेरिकेतल्या थोरल्या बहिणी, हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन, यांना पहिला संकेत मिळाला तो १४ सप्टेंबर २०१५ रोजी. सेकंदाच्या पाचव्या हिश्शाएवढी ती थरथर होती. इतक्या वर्षांची वाट पाहून हाती आलेली गोष्ट, आणि शास्त्रज्ञांनी पहिलं काय केलं? उपकरणांची मांडणी जशी होती तशीच गोठवली. सुधारणा नाही, नवं जुळवणं नाही. त्याच स्थितीत पुढे पुरेशी नोंद घेतली, म्हणजे नेहमीचा गोंगाट कसा असतो ते कळावं आणि मिळालेला संकेत त्यापासून वेगळा आहे हे ठामपणे म्हणता यावं. जगाला बातमी दिली ती ११ फेब्रुवारी २०१६ ला. एवढ्या आनंदातही ती माणसं स्वस्थ बसू शकली. तुमच्यापुढे आनंद नाही, भीती आहे. पण बसायचं तसंच आहे.

मघाशी वायर काढण्याआधी डब्यातून कसला आवाज येत होता, तो आता आठवा. नुसती शांतता होती? मग कदाचित बिघाड साधा असेल. डब्याला बाहेरून बारा व्होल्ट पुरवणारा ॲडॉप्टरच वळवाच्या पावसातल्या विजेने किंवा लाइटच्या चढउताराने गेलेला असतो आणि डिस्क ठणठणीत असतात. त्याच व्होल्टचा आणि तेवढ्याच ताकदीचा दुसरा ॲडॉप्टर आणून, डिस्क बाहेर काढलेल्या रिकाम्या डब्यावर आधी लावून पाहता येतो.

की टक्, टक्, टक् असा एका लयीत आवाज होता? मग आतला वाचणारा काटा बहुधा घायाळ आहे. त्याला हेड म्हणतात, आणि तो फिरत्या चकतीपासून अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असतो. माणसाचा केस त्या फटीपुढे डोंगरासारखा जाड. अशी डिस्क दुकानात उघडायची नसते. हिंगोलीत आणि वसमतला हळदीचं पॉलिश सुरू असलेल्या दिवसांत टेबलावर बोट फिरवा, बोटाला पिवळी भुकटी लागेल. त्यातला एक कण चकतीवर बसला तरी हेड त्याला घासत ओढतं आणि ज्या थरात फोटो आहेत तोच थर खरवडून निघतो. अशा डिस्कसाठी धूळमुक्त खोली लागते आणि ती पुण्या-मुंबईला किंवा हैदराबादला असते. डिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत घाला, भोवती जाड फोम लावा, आणि शक्यतो स्वतः मांडीवर घेऊन जा. ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकून पाठवू नका. खर्च मोठा असतो, तेव्हा आधी तपासणीचं लेखी अंदाजपत्रक मागा. या रात्री जो अर्ध्या तासात करून देतो म्हणेल, त्याच्यापासून चार हात लांब राहा.

डिस्क आवाज करत नसेल तर पुढचं काम तुमच्या हातचं आहे. मार्कर घ्या. पहिल्या कप्प्यातली डिस्क सावकाश बाहेर ओढा आणि तिच्यावर १ लिहा. दुसरीवर २. तिसरीवर ३. लिहून झालं की फोटो काढा, लेबलवरचे नंबर वाचता येतील असा. हे काम क्षुल्लक वाटतं, पण या क्रमावर पुढचं बरंच काही अवलंबून आहे. तीन-चार डिस्कच्या डब्यात आठ एमबीचा एक फोटो बहुधा एकाच डिस्कवर नसतो. बऱ्याच डब्यांत तो ६४ केबीच्या तुकड्यांनी पहिल्या डिस्कवर थोडा, दुसरीवर थोडा असा विणलेला असतो. डिस्कवरच्या खुणा शाबूत असल्या तर क्रम त्याच सांगतात. त्या पुसल्या गेल्या असतील तर तुमचा मार्करच साक्षीदार. क्रम चुकला की नवऱ्याचा फेटा दिसतो आणि त्याखाली लगेच करड्या-हिरव्या पट्ट्या.

हे विणकाम कसं सावरतं, ते मनातल्या मनात एकदा करून बघा. पहिल्या डिस्कवर ४ आहे, दुसरीवर ९. तिसरीवर त्यांची बेरीज, १३. आता दुसरी डिस्क गेली. १३ मधून ४ वजा केले की ९ परत आले. खरं यंत्र बेरजेऐवजी सम-विषमाचा हिशेब करतं, पण मर्म हेच. एक गेली तर उरलेल्या दोघी मिळून तिची आठवण सांगतात. दोन गेल्या तर सांगणारं कुणी नाही. आणि दुसरी जाते ती बहुतेकदा अशाच वेळी: पहिलीच्या जागी नवी डिस्क घालून आपण पुनर्बांधणी सुरू करतो, आणि एकाच दिवशी घेतलेल्या, तेवढ्याच थकलेल्या जुन्या डिस्कना तासन्‌तास, पहिल्या कोपऱ्यापासून शेवटच्या कोपऱ्यापर्यंत, वाचायला लावतो. म्हणून पुनर्बांधणीच्याही आधी प्रत काढायची.

प्रत म्हणजे फाइलींची नव्हे, डिस्कचीच. नवी, तेवढीच किंवा मोठी डिस्क घ्या आणि जुनीतला प्रत्येक भाग जसाच्या तसा तिच्यावर उतरवा. यासाठी लिनक्सवर डीडीरेस्क्यू नावाचं मोफत साधन आहे. आधी जे सहज वाचता येतं ते सगळं ते उचलून घेतं. अडलेल्या जागेवर डोकं आपटत बसत नाही, तिची नोंद करून पुढे जातं. शेवटी त्या अवघड जागांकडे परत येतं आणि एकेक तुकडा सोडवायचा प्रयत्न करतं. लाइट गेली तरी त्या नोंदीवरून काम पुढे सुरू करता येतं, पण इन्व्हर्टर भरलेला असू द्या. याला रात्र लागेल, कधी दोन रात्री. मूळ डिस्कवर या काळात एक अक्षरही लिहिलं जात नाही. मग जुन्या डिस्क कपाटात बंद. पुढचे सगळे प्रयोग प्रतींवर. प्रत बिघडली तर दुसरी काढता येते, मूळ बिघडलं तर तो रस्ता संपला.

मग एका पहाटे पडद्यावर फोटो यायला लागतात. नोंदवही सापडली असेल तर नावानिशी येतात. नसेल तर साधन चकतीवर फोटोची खूण शोधत फिरतं, कारण प्रत्येक जेपीजी फाइलीच्या सुरुवातीला ठराविक चिन्हं असतात. असे मिळालेले फोटो निनावी असतात, नुसते आकडे, पण कॅमेऱ्याने आत लिहिलेली तारीख आणि वेळ बरेचदा शाबूत असते. त्यावरून लग्न कोणतं ते लागतं. काही फोटो अर्धेच येतील. वर मांडवाची झालर, वधूचं कपाळ, मुंडावळ्या, आणि गालापासून खाली सपाट करडा रंग. ते टाकून देऊ नका, आणि खालचं चित्र सॉफ्टवेअरकडून रंगवून ते पुरं आहे असंही कुणाला सांगू नका. औंढ्याच्या देवळाभोवती फिरताना खालचा कोरीव काळा दगड यादवकाळातला आणि वरचं शिखर फार नंतर बांधलेलं, हे डोळ्यांना सरळ दिसतं. दोन काळांची जोडणी कुणी लपवलेली नाही आणि त्यामुळे दर्शनात काही उणं पडत नाही.

आता एक कठीण गोष्ट मनाशी धरू. डब्यात दोन-चार डिस्क होत्या म्हणजे आपल्याकडे दोन-चार प्रती होत्या, असं आपण धरून चाललो होतो. तसं नव्हतं. एका छपराखाली, एका वायरीवर, एका चुकीने एकदम पुसल्या जातील अशा त्या डिस्क होत्या. प्रत ती, जी दुसऱ्या गावी, दुसऱ्याच्या हाती असते.

हिंगोलीपासून जवळच नरसी आहे. परंपरेप्रमाणे १२७० साली नामदेव तिथे जन्मले. त्यांचे अभंग महाराष्ट्रात कीर्तनातून आणि वह्यांतून राहिले, हाताहाताने उतरत गेले. त्यात पुढच्या काळातल्या विष्णुदास नाम्याच्या रचनाही मिसळल्या. दोघांच्या नावांची छाप सारखी, त्यामुळे कोणता अभंग कुणाचा हे अभ्यासक आजही तपासतात. प्रेमानेच झालेली ही सरमिसळ, कुणी वाईट हेतूने केलेली नव्हे. पण नामदेवांच्या परंपरेची एक प्रत फार दूर गेली होती. पंजाबात घुमानला त्यांच्या नावाचं क्षेत्र आहे, आणि १६०४ मध्ये गुरू अर्जनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध केला तेव्हा त्यात नामदेवांची पदं घेतली. गुरू ग्रंथसाहिबात ती ६१ आहेत. त्या ग्रंथात पदांच्या शेवटी आकडे घातलेले असतात, चालू बेरजा धरून, त्यामुळे मधे एखादं पद घुसलं किंवा गळलं तर हिशेब जुळत नाही. आजची यंत्रं फाइल बदलली का हे ओळखायला असाच एक आकडा सोबत ठेवतात. २०१५ चं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं, तेव्हा किती मराठी माणसं ती दूरची प्रत पाहायला गेली. जिथे जन्म झाला तिथून इतक्या लांब, वेगळ्या लिपीत, वेगळ्या लोकांनी ती सांभाळली होती.

तुमच्या स्टुडिओचंही काही ना काही असं बाहेर आहे. डोळे मिटून आठवा. अल्बम छापायला ज्या लॅबला फाइली पाठवल्या, तिच्याकडे त्या अजून असतील. कॅमेऱ्यातली कार्डं पुन्हा वापरायला घेतली नसतील तर ती आत्ताच ड्रॉवरमध्ये वेगळी ठेवा, त्यांवर नवं शूटिंग नको. नवरीच्या भावाला निवडीसाठी पेनड्राइव्ह दिला होता. करवल्यांनी व्हॉट्सॲपवर टाकलेले फोटो आकाराने लहान आहेत, पण आहेत. एडिटिंग करणाऱ्या पोराच्या लॅपटॉपवर व्हिडिओचा अर्धा भाग असू शकतो.

या सगळ्यांची यादी कागदावर लिहा. मग ज्यांच्या घरचं लग्न होतं त्यांना स्वतः फोन लावा, कुणाकडून कळण्याची वाट पाहू नका. काका, आपला सर्व्हर बंद पडला आहे, फोटो परत मिळवायचं काम सुरू आहे, मिळतील तेवढे सगळे देईन आणि जे मिळणार नाहीत तेही सांगेन. तोवर तुमच्याकडचा पेनड्राइव्ह कुणी पुसू नका, मी संध्याकाळी येऊन त्याची प्रत घेतो.