पुनरावृत्ती यंत्राची, जबाबदारी कोणाची?

तेच ते काम पुन्हा पुन्हा हाताने करण्यात काही विशेष सद्गुण आहे काय? आणि ते यंत्रावर सोपविले, तर तो आळस ठरतो काय? मंडळीची पत्रके आणि शब्बाथशाळेची प्रशस्तिपत्रके संगणकावर होऊ लागल्यापासून हा प्रश्न आपल्याही दाराशी आला आहे.

१९९६ साली निघालेल्या फोटोशॉपच्या चौथ्या आवृत्तीत ‘ॲक्शन्स’ ही सोय आली. एका छायाचित्रावर आपण जे जे करतो, म्हणजे लहान करणे, कडा कापणे, उजळ करणे, ते क्रमाने नोंदले जाते. मग एका आज्ञेसरशी सबंध फोल्डरमधील २०० छायाचित्रांवर तेच होते. इनडिझाइनमध्ये ‘डेटा मर्ज’ आहे. नमुना एक करावा, मुलांच्या नावांची यादी जोडावी, की ६० मुलांची ६० प्रशस्तिपत्रके तयार!

यात गैर काही नाही. २०० वेळा तेच बटण दाबल्याने कोणी अधिक प्रामाणिक होत नाही. थकतो मात्र खास, आणि थकलेला हात चुकतो. परंतु एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हाताने काम करताना प्रत्येक छायाचित्रावर आपली नजर जात असे. ते पाहणे कोणी काम म्हणून कधी मोजले नव्हते. त्यामुळे हात सुटला, त्याबरोबर नजरही सुटली. यंत्र ठरलेल्या मापाने कडा कापते. कडेला उभ्या असलेल्या आजीबाई त्यात गेल्या, हे त्याला कळत नाही. देवनागरीला योग्य असा मांडणीचा पर्याय निवडला नसेल, तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येण्याऐवजी नंतर येते व जोडाक्षरे फुटतात. यंत्र ती मोडकी नावेही तितक्याच तत्परतेने छापायला देते.

१६३१ साली लंडनमध्ये रॉबर्ट बार्कर व मार्टिन ल्युकस यांनी छापलेल्या बायबलात सातव्या आज्ञेतला नकारार्थी शब्दच गळला आणि आज्ञेचा अर्थ उलटा झाला. जुळणी एकदाच चुकली. चूक मात्र प्रतीप्रतीत गेली. ३०० पौंडांचा दंड झाला, तो मुद्रकांना; मुद्रणयंत्राला नव्हे.

कोणी म्हणेल, एकेक पाहायचेच, तर वाचले काय? करण्याचे श्रम वाचले. पाहायला करण्याहून फार थोडा वेळ लागतो. आणि ६० पैकी ५९ नावे बरोबर आली, हे समाधान आपले असते. साठाव्या मुलाच्या हाती एकच कागद असतो, आणि त्यावरचे नाव त्याचे नसते.

तेव्हा यंत्राला काम अवश्य द्यावे. पण आधी तीन-चार नमुन्यांवर चालवून पाहावे, मूळ छायाचित्रे निराळी जपून ठेवावीत, आणि नावांची यादी मुलांना किंवा त्यांच्या आईवडिलांना दाखवून घ्यावी. वाचलेल्या वेळातील थोडा वेळ शेवटचे पान पाहीपर्यंत राखून ठेवावा. पुनरावृत्ती दुसऱ्यावर सोपविता येते. ज्याच्यासाठी काम केले, त्याच्याकडे पाहणे सोपविता येत नाही.