सदसद्विवेक, कायदा आणि सहिष्णुता : पंडिता रमाबाईंच्या निमित्ताने

सहिष्णुतेची कसोटी परधर्मीयाच्या मौनात नव्हे, तर त्याच्या प्रकट श्रद्धेसमोर लागते. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे ख्रिस्ती धर्म स्वीकारला. मात्र सदसद्विवेकबुद्धी चर्चच्या अधिकाराधीन करण्यास नकार दिला. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार याची साक्ष देतो.

धर्मसत्तेला लावलेला निकष त्यांनी राजसत्तेलाही लावला. १८८७ साली न्यायालयाने रखमाबाईंपुढे पतीकडे नांदणे किंवा कारावास हेच पर्याय ठेवले. सरकार भारतातील पुरुषवर्गाशी झालेला करारच पाळीत आहे, असा उपरोध रमाबाईंनी ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’मध्ये केला. कायदेशीर ते नैतिक असतेच असे नाही, हा त्याचा इत्यर्थ.

खरा पेच शारदा सदनात उद्भवला. १८८९ साली मुंबईत स्थापन झालेल्या आणि पुढे पुण्यास हलविलेल्या या संस्थेत विधवांना स्वधर्माचार पाळण्याची मुभा होती. परंतु रमाबाईंनी स्वतःची प्रार्थना लपविली नाही. काही मुली तिकडे ओढल्या गेल्या, आणि १८९३ साली रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. हा आक्षेप सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही. जिच्या अन्नाश्रयावर जगावयाचे, तिच्या श्रद्धेची निवड कितपत स्वतंत्र? परंतु पालकांनी घातलेल्या बंदीनेही ते स्वातंत्र्य सिद्ध होत नाही.

रमाबाईंनी चर्चकडे मागितलेला विवेकाचा अधिकार त्या आश्रित मुलीचाही ठरतो. पालकाची सत्ता आणि उपकारकर्तीचा प्रभाव, दोहोंनाही तिच्यापुढे सारखेच उत्तरदायी व्हावे लागते.