नेढ्यापर्यंतची चाल

डोंगराच्या कण्याला आरपार भोक पडले की त्याला आपल्याकडे नेढे म्हणतात. पुणेकरांच्या सर्वांत ओळखीचे नेढे राजगडच्या सुवेळा माचीवर आहे. गुंजवणे गावातून चोर दरवाजाने चढा किंवा पाली दरवाजाच्या मळलेल्या वाटेने, ते लगेच हाती लागत नाही. पद्मावती माची मागे टाकून, बालेकिल्ल्याला वळसा घालून निमुळत्या धारेवरून पुढे जावे लागते. ही दमछाक वाचवायला गडावर रोपवे न्यावा, असा विचार सरकारदरबारी झालेला आहे. माझे म्हणणे याच्या उलट आहे. ही चढण हेच नेढ्याचे सर्वांत स्वस्त आणि खात्रीचे संरक्षण आहे.

नेढे मुळात टिकाऊ नव्हेच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्हाचा हा खडक. त्यातला ठिसूळ थर आधी झिजतो, भेगांमध्ये पाणी शिरते, चिरे निखळतात आणि भिंतीसारख्या अरुंद धारेला एक दिवस खिडकी पडते. तीच झीज पुढे कमानही पाडते. अमेरिकेतल्या युटाच्या वाळवंटातील ‘वॉल आर्च’ 2008 मध्ये कोसळली, माल्टाची ‘अझुर विंडो’ 2017 च्या वादळात समुद्रात गेली. मग पडायचेच ते पडेल, माणसे अडवून काय मिळणार, असे कोणी म्हणेल. आक्षेप बिनतोड वाटतो, पण तो फक्त दगडापुरता खरा. माणसांच्या वजनाने नेढे पडणार नाही, हे कबूल. गर्दीने जाते ते भोवतालचे: धारेवरची माती, गवत, माचीच्या तटाचे चिरे, कोरलेल्या नावांनी विद्रूप होणारा कातळ. शिवाय नेढ्याच्या कपारीत आग्या मोहोळाची पोळी लटकतात. ती बिथरली तर त्या अरुंद जागेतून पन्नास माणसे पळणार कुठे?

युटाचाच दाखला पुढे न्यावा. तिथल्या आर्चेस राष्ट्रीय उद्यानात दोन हजारांहून अधिक कमानी आहेत आणि थेट आत गाडीरस्ता आहे. परिणाम असा की 2022 मध्ये वेळ आरक्षित करून प्रवेश देण्याची पद्धत आणावी लागली. म्हणजे आधी वाट सोपी करायची आणि मग फाटकावर माणसे मोजायची. आपल्याला एवढ्या लांब जायचीही गरज नाही. रविवारी सिंहगडच्या घाटात अडकलेल्या गाड्यांची रांग पाहिली तरी पुरे.

राहतो प्रश्न ज्यांना चढवत नाही त्यांचा, आणि तो हसण्यावारी नेता येणार नाही. पण निसर्गाने कोरलेली कमान पाहायला राजगडच हवा असे नाही. जुन्नर तालुक्यात अणे घाटाजवळ गुळुंचवाडीचा नैसर्गिक पूल आहे आणि तिथे गाडीने जाता येते. सोयी करायच्याच तर तिथे कराव्यात. राजगड 2025 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला, त्यामुळे गर्दी वाढेल हे सांगायला ज्योतिषी नको. सरकारने निसरड्या टप्प्यांवर रेलिंग पक्के ठेवावे, पायथ्याच्या गावांतल्या वाटाड्यांना काम द्यावे. रोपवेचा नाद सोडावा. आणि जाणाऱ्यांनी नेढ्यात शिरण्याआधी मान वर करून कपारी पाहाव्यात. पोळी दिसली तर धूर, आरडाओरडा आणि फोटोची हौस बाजूला ठेवून तिथूनच मागे फिरावे.