काचेआडच्या वस्तूचे देणे



संग्रहालयात वस्तू सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला इंग्रजीत क्युरेटर म्हणतात. आपल्या सरकारी मराठीत त्यालाच अभिरक्षक असा शब्द आहे. क्युरेटर या शब्दाच्या मुळाशी जो लॅटिन शब्द आहे त्याचा अर्थ काळजी घेणे असा होतो. हे कळल्यावर त्या कामाबद्दल मला आपलेपणा वाटू लागला, कारण माझीही छत्तीस वर्षे रुग्णांची काळजी घेण्यातच गेली. परंतु परिचारिका कोणाची काळजी घेते हे विचारावे लागत नाही. तो माणूस समोर खाटेवर असतो. ज्यू कलेच्या संग्रहालयातला अभिरक्षक कोणाची काळजी घेतो? त्या चांदीच्या पेल्याची, की ज्याने त्या पेल्यावर किद्दुश म्हटला त्याची?

हा प्रश्न वाचनातला राहिला नाही. इस्राएलमध्ये राहणाऱ्या माझ्या एका चुलत बहिणीने अलीकडे विचारले, ‘घरात आजीचे मलिद्याचे तांब्याचे ताट आहे. सुनेला ते नको आहे. एखाद्या संग्रहालयाला देऊन टाकू का गं?’ आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आज हाच प्रश्न असेल, म्हणून तो येथे मांडते.

आम्ही राहतो त्या सिंगापूरमध्ये वॉटर्लू स्ट्रीटवर १८७८ साली बांधलेले मगेन अबोथ सिनेगॉग आहे. त्याच आवारात २००७ साली जेकब बॅलास सेंटर उभे राहिले आणि तेथे २०२१ पासून सिंगापूरच्या ज्यूंचे संग्रहालय आहे. येथील जुनी घराणी बहुतेक बगदादी. हिंदुस्थानातून, विशेषतः कलकत्त्याहून, ती व्यापारासाठी आली. त्यांचे पहिले प्रार्थनास्थळ ज्या रस्त्यावर होते त्याचे नाव आजही सिनेगॉग स्ट्रीट आहे, सिनेगॉग मात्र तेथे नाही. नाव उरते आणि माणसे निघून जातात; मग येणाऱ्याजाणाऱ्याला कोणीतरी सांगावे लागते. संग्रहालयाची गरज तेथून सुरू होते.

आता गंमत पाहा. अलिबागच्या इस्राएल आळीतील आपल्या सिनेगॉगचे नावही मगेन अबोथच. ते १८४८ साली स्थापन झाले आणि १९१० साली नव्याने बांधले गेले. ‘पूर्वजांची ढाल’ हे एकच नाव दोन्हीकडे; पण येथे बगदादी व्यापारी प्रार्थनेला येत आणि तेथे कोकणातल्या शनिवार तेल्यांची मुलेनातवंडे. नुसते नाव लिहिलेल्या पाटीवरून हा फरक कोणाला कळणार? अभिरक्षकाची खरी परीक्षा त्या चार ओळींच्या पाटीत असते, असे मला वाटते. वस्तू बोलत नाही, तिच्या वतीने तो बोलतो. त्याने काय लिहिले आणि काय गाळले, यावर एका समाजाची ओळख ठरते.

आपल्या धर्मशास्त्राने या बाबतीत फार पूर्वी विचार करून ठेवला आहे. तालमूदच्या मेगिल्ला भागात पवित्र कार्यातल्या वस्तूंचे दोन वर्ग केले आहेत. सुक्का, लुलाव, शोफार यांसारख्या मित्सवा पार पाडण्याच्या वस्तू काम झाल्यावर टाकून दिल्या तरी चालतात. सेफेर तोराहची वेष्टने, तेफिलीन आणि मेझुझा यांची घरे मात्र टाकायची नाहीत. ती गेनिझात ठेवायची. आणि पुढे एक गोष्ट सांगितली आहे, ती वाचून मी थांबले. सेफेर तोराहचे वेष्टन जीर्ण झाले, तर ज्या मृताला पुरायला कोणी नाही अशाच्या कफनासाठी ते वापरता येते, आणि तेच त्या वेष्टनाचे गेनिझा होय.

बेवारशी मयत काय असते हे वॉर्डात काम केलेल्यांना ठाऊक असते. चादर कोणी आणायची, डोळे कोणी मिटायचे, हा प्रश्न तेथे रोजचा. भरजरी वेष्टन जपून ठेवण्यापेक्षा अशा माणसाची लाज राखणे हा त्याचा मोठा मान, असे आपल्या ज्ञानी लोकांनी मानले. याचा अर्थ असा की पवित्र वस्तूचा मान ती माणसाच्या उपयोगी पडण्यात आहे. कपाट हा तिचा शेवटचा मुक्काम, पहिला नव्हे.

मग संग्रहालये बंद करावीत काय? तसे मुळीच नाही. प्रागचे उदाहरण घ्या. १९४२ साली नाझी अंमलाखाली तेथे मध्यवर्ती ज्यू संग्रहालय चालविले गेले. बोहेमिया व मोराव्हियाच्या गावोगावच्या सिनेगॉगमधून, ज्यांची माणसे छावण्यांत नेली जात होती त्यांच्याकडून, वस्तू तेथे येऊन पडत. त्या लावण्याचे व नोंदण्याचे काम ज्यू जाणकारांनाच करावे लागले. कोणत्या गावाची कोणती वस्तू, हे त्यांनी कार्डावर लिहून ठेवले. त्यांतले बहुतेक जण पुढे स्वतः मारले गेले. ग्रंथपाल टोबियास याकोबोविट्स यांचा १९४४ साली आउशविट्झला अंत झाला. हाना वोलाव्कोवा वाचल्या आणि युद्धानंतर त्याच संग्रहालयाच्या प्रमुख झाल्या.

मारेकऱ्यांच्या हुकमतीखाली याद्या करणे योग्य होते काय? त्यांच्या जागी नसलेल्या आपण न्याय देऊ नये. परंतु त्या कामाचे फळ दिसते. त्या प्रदेशातल्या १५६४ सेफेर तोराह १९६४ साली लंडनला पोहोचल्या. त्यांतल्या पुष्कळ दुरुस्त होऊन जगभरच्या सिनेगॉगना उसन्या दिल्या गेल्या, आणि काहींवरून आज पुन्हा वाचन होते. गावाचे नाव टिकले, म्हणून वाचणारा मुलगा त्या गावाचीही आठवण काढतो. मरणाच्या दारात बसून नोंद करणाऱ्यांनी वस्तूबरोबर माणसांची काळजी घेतली ती अशी.

आता आपल्या ताटाकडे येऊ. कोणी म्हणेल, ज्यू कला म्हणजे चांदीचे तिक, कोरीव दिवे. तांब्याच्या ताटात कला कसली? आपले पूर्वज तेल गाळून पोट भरीत. त्यांच्या घरी चांदी कोठून असणार? पण १८७४ साली पुण्यात छापलेली मराठी हग्गादा पाहा. तिच्या चित्रांत मत्सा करणाऱ्या बायका लुगडे नेसलेल्या आहेत. मिसरातून सुटल्याची गोष्ट त्या चित्रकाराने आपल्या आयाबायांच्या वेषात पाहिली. ही ज्यू कला नव्हे तर काय? तसेच ते ताट. गूळ-खोबरे घातलेले पोहे, वर फळे, आणि एलियाहू हन्नाबीचे नाव घेणारा सारा गोतावळा, हे सारे त्यात आहे. पण ‘तांब्याचे ताट, भारत’ एवढीच पाटी लागली, तर त्यातले काहीच उरणार नाही.

शब्दांचेही तसेच. शाळेत आम्ही किप्पूर म्हणायला शिकलो; आजी त्याला दारफळणीचा सण म्हणे, कारण त्या दिवशी दारे लावून घेत. परक्या अभिरक्षकाला हा शब्द कोणी सांगायचा? तो कितीही विद्वान असला तरी आपण सांगितल्याशिवाय त्याला कळणार नाही. तेव्हा अर्धी जबाबदारी देणाऱ्याची आहे.

एक आक्षेप खरा आहे. वापरातली वस्तू झिजते, हरवते, मोडीत जाते. संग्रहालयात ती शंभर वर्षे राहील आणि शाळेची परधर्मी मुलेही ती पाहतील. मट्टनचेरीच्या कडवुंभागम सिनेगॉगचा अंतर्भाग जेरुसलेमच्या इस्राएल म्युझियमने १९९५ साली उभा केला. तो तेथे गेला नसता तर त्याचे जुने लाकूडकाम कोण सांभाळणार होते? समाज उठून गेल्यावर काच हाच आसरा. पण समाज उठून गेला नसेल, तर काचेची घाई कशाला?

म्हणून बहिणीला मी असे कळविले. सुनेला नको असेल, तर आधी नात्यात, मग आपल्या सिनेगॉगमध्ये विचार. जेथे मलिदा होतो तेथे ते ताट जाऊ दे. कोठेच कोणी घेत नसेल, तर संग्रहालयाला आनंदाने दे. पण आधी एका कागदावर मराठीत लिही, की हे कोणाचे, कोणत्या गावचे, कशासाठी काढीत आणि त्या वेळी काय म्हणत. तो कागद ताटाबरोबर नोंदवून घेतला जाईल असे वचन घे. वचन मिळाले नाही, तर दुसरे संग्रहालय पाहा.

रुग्णाच्या उशाशी तक्ता नसेल तर मोठा डॉक्टरही चाचपडतो. आपल्या वस्तूंचे तक्ते लिहिणारे हात अजून आपल्यात आहेत. ते थकण्याआधी एवढे काम करून घेऊ या.

शालोम.