'तो असे वागणार नाही' : मालिका-कादंबरीच्या वाचकाचा दावा

रहस्यकादंबऱ्यांच्या किंवा प्रणयकादंबऱ्यांच्या मालिकेचा नियमित वाचक नव्या भागाविषयी बोलू लागला की त्याच्या तोंडी एक वाक्य हमखास येते : 'तो असे वागणार नाही.' कथानक ओढूनताणून रचले आहे, भाषा सपक आहे, गुन्हेगार फार लवकर ओळखू येतो, याही तक्रारी तो करतो; पण त्या दुय्यम असतात. मुख्य तक्रार व्यक्तीविषयीची असते. लेखकाने स्वतःच निर्माण केलेल्या माणसाशी बेइमानी केली, असा तिचा आशय असतो. वाचकाने कल्पित पात्राला खरा माणूस मानण्याची भाबडी चूक केली, एवढे म्हणून समीक्षा सहसा पुढे जाते. परंतु हे वाक्य कोणत्या जातीचे आहे, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. ते वस्तुस्थितीचे विधान असेल तर उघडच खोटे आहे. कारण पात्र तसे वागले आहे, आणि छापील पृष्ठावर वागले आहे. ते निव्वळ आवडीनिवडीचे विधान असेल तर 'आवडले नाही' एवढ्या शब्दांत भागले असते. वाचक मात्र त्याहून अधिक काही मागतो. तो दावा करतो. आणि दावा म्हटला की तो कोणावर व कशाच्या बळावर, हे विचारणे भाग पडते.

अशा वाचनाविरुद्धचा खटला जुना आहे. क्यू. डी. लीव्हिस यांनी १९३२ मध्ये 'फिक्शन अँड द रीडिंग पब्लिक' या ग्रंथात त्याची फिर्याद मांडली. एडमंड विल्सन यांनी रहस्यकथांवर लिहिलेल्या लेखाला वाचकांची इतकी निषेधपत्रे आली की १९४५ मध्ये त्यांना दुसरा लेख लिहावा लागला, आणि त्यात त्यांनी माघार घेण्याऐवजी आपले मत अधिकच कडक केले. ऑडेन यांनी १९४८ मध्ये आपल्या रहस्यकथावाचनाची तुलना तंबाखूच्या व्यसनाशी केली. अर्थात व्यसन मान्य करणाऱ्याची त्यात एक मिश्कील प्रौढीही होती. या सर्वांत गंभीर आक्षेप आर. जी. कॉलिंगवुड यांचा. 'द प्रिन्सिपल्स ऑफ आर्ट' (१९३८) मध्ये ते म्हणतात त्याचा मथितार्थ असा, की रंजनात भावना जागवली जाते आणि त्याच कल्पित प्रसंगाच्या कुंपणात तिचा निचरा केला जातो. प्रत्यक्ष जगण्यात तिला उतरू दिले जात नाही. मराठी समीक्षेने 'रंजनपर' हा शब्द ज्या निर्णायकपणे वापरला, त्यामागेही थोड्याफार फरकाने हीच धारणा आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, हे वाङ्मयेतिहासात नोंदले जाते. धनंजय, झुंजार आणि काळापहाड यांच्या वाचकाला त्यांच्याविषयी नेमके काय वाटत होते, हे क्वचितच विचारले जाते.

संस्कृत काव्यशास्त्राची भाषा वापरायची तर हा वाचक सहृदय ठरत नाही. 'अभिनवभारती'त रसप्रतीतीची जी सात विघ्ने सांगितली आहेत, त्यांपैकी एक म्हणजे स्वगत-परगत भेद न सुटणे. भावना 'माझी' किंवा 'त्या अमक्याची' अशी कोणाच्या तरी नावे बांधलेली राहिली, तर साधारणीकरण घडत नाही. मालिकेचा वाचक तर उघडच 'माझा धनंजय' म्हणतो. तो पात्राला विशिष्टत्वातून मुक्त होऊच देत नाही. हा आक्षेप कॉलिंगवुड यांच्या आक्षेपाच्या नेमका उलट दिशेने येतो, हे लक्षात घेण्याजोगे आहे. एकाच्या मते या वाचनात भावनेचा जीवनाशी सांधा पुरेसा जुळत नाही. दुसऱ्याच्या दृष्टीने तो नको इतका जुळलेला असतो. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाहीत, निदान एकाच वाचकाविषयी तरी नाहीत.

येथे मालिकांचे दोन प्रकार वेगळे करणे आवश्यक आहे. मिल्स अँड बून किंवा हार्लेक्विन यांच्या प्रणयकादंबऱ्यांच्या मालिकेत प्रत्येक पुस्तकागणिक नायक-नायिका बदलतात. टिकून राहते ते केवळ शेवटाचे आश्वासन. जॅनिस रॅडवे यांनी 'रीडिंग द रोमान्स' (१९८४) मध्ये अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील, टोपणनाव दिलेल्या एका गावातील बेचाळीस वाचकांची मते तपासली. या स्त्रिया पुस्तकाच्या दुकानातील एका जाणत्या विक्रेतीच्या सल्ल्याने पुस्तके घेत. त्यांतील अनेकींना पुस्तक घेण्यापूर्वी शेवट पाहून घेणे गैर वाटत नसे. घरातल्या प्रत्येकाची उस्तवार करण्यात गेलेल्या दिवसातून काढलेला वेळ नायिकेच्या फसवणुकीवर खर्च करण्याची त्यांची तयारी नव्हती. बाहेरून हा वाचनाचा अडाणीपणा दिसतो. आतून पाहता तो करारातील अटी वाचून सही करण्याचा प्रकार आहे. रॅडवे यांचा निष्कर्ष मात्र अस्वस्थ करणारा आहे : या कादंबऱ्या स्त्रीला पुरुषाचा कठोरपणा म्हणजे दडवलेली कोवळीक, असे वाचायला शिकवतात. तथापि त्यांच्याच नोंदींत दुसरी एक गोष्ट आहे. नायिकेवर क्रूरपणे हिंसा करणारा नायक या वाचकांनी नाकारला होता, आणि दुबळ्या, मूर्ख नायिकेविषयी त्यांना तिटकारा होता. म्हणजे जो क्षमेचा पाठ कादंबरी देत होती, त्याला किती मर्यादेपर्यंत मान द्यायचा हे वाचकच ठरवीत होत्या. ती मर्यादा योग्य जागी होती की नाही, यावर वाद होऊ शकतो. पण मर्यादा घालणे ही निवाड्याची कृती आहे, चटकेची नव्हे.

दुसऱ्या प्रकारात माणूस तोच राहतो, आणि 'तो असे वागणार नाही' हे वाक्य खऱ्या अर्थाने या प्रकाराचे आहे. याची सर्वांत बोलकी साक्ष डोरोथी सेयर्स यांच्या लॉर्ड पीटर विम्झी मालिकेत मिळते. तीत रहस्य आणि प्रणय एकमेकांत गुंतलेले आहेत म्हणूनही. (रहस्यकादंबरीचा उलगडा आधीच सांगणे हा या जातीच्या वाचकांत अपराध मानला जातो. पुढील विवेचनात तो टाळता येत नाही.) 'स्ट्राँग पॉयझन' (१९३०) मध्ये रहस्यकथालेखिका हॅरिएट व्हेन हिच्यावर पूर्वीच्या प्रियकराला आर्सेनिक घातल्याचा आरोप आहे. पीटर तिला फाशीपासून वाचवतो, आणि तुरुंगातल्या पहिल्याच भेटीत तिला मागणी घालतो. पीटरचे लग्न लावून देऊन त्याच्यापासून सुटका करून घ्यावी, असा सेयर्स यांचा बेत होता. तो फसला, हे त्यांनी पुढे स्वतःच लिहिले आहे. हॅरिएटचा होकार स्वाभिमान न गमावता लिहिता येईना. जिचा जीव एका माणसाने वाचवला आहे, तिने त्याच माणसाशी लग्न करणे म्हणजे ऋण फेडणे. आणि ऋणाची परतफेड व प्रेम यांतील फरक तिला पुसायचा नाही. मेलेल्या प्रियकराने तिला आधी लग्नाविना एकत्र राहायला लावले होते आणि मग बक्षीस दिल्यासारखा लग्नाचा प्रस्ताव ठेवला होता. त्या अपमानाने ती त्याला सोडून गेली होती. अशी स्त्री पुन्हा एखाद्या पुरुषाच्या औदार्याची लाभार्थी कशी होईल?

येथे 'ती असे वागणार नाही' हे वाक्य वाचकाच्या आधी लेखिकेनेच उच्चारले. प्रणयकथेचा साचा होकार मागत होता. व्यक्तीने तो अडवला. कृतज्ञता हा सद्गुण प्रेमाच्या आड येऊ शकतो, हा विचार नीतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत सहसा आढळत नाही. तो येथे सूत्ररूपाने मांडलेला नाही, वर्षांच्या लांबीने सिद्ध केलेला आहे. मधल्या कादंबरीतला नकार, पुन्हापुन्हा येणारी मागणी, आणि १९३५ साली 'गॉडी नाइट'. एका कादंबरीत हा काळ 'पाच वर्षे उलटली' या तीन शब्दांत संपला असता. मालिकेच्या वाचकाने तो पुस्तकांमागून पुस्तके वाट पाहत काढला.

'गॉडी नाइट'मध्ये खून नाही. रहस्याच्या वाचकाला ती लबाडी वाटली, प्रणयाच्या वाचकाला चर्चा जास्त वाटल्या, आणि दोघांच्याही तक्रारीत तथ्य आहे. ऑक्सफर्डमधील कल्पित स्त्री-महाविद्यालयाच्या भोजनगृहातले काही संवाद खरोखरच लांबले आहेत. पण कादंबरीचा गाभा त्या संवादांतच आहे. एका अभ्यासकाने आपला सिद्धान्त खोटा पाडणारे पत्र दडवले. एका विदुषीने ते उघडकीस आणले. त्याची पदवी आणि उपजीविका गेली, पुढे त्याने आत्महत्या केली. महाविद्यालयात निनावी पत्रे आणि नासधूस यांचे सत्र चालवणारी व्यक्ती म्हणजे त्याची विधवा. ती तेथेच नोकराणी म्हणून राबते आहे. पकडली गेल्यावर तिने विदुषींना विचारलेला प्रश्न असा, की एका पुराव्यासाठी नवऱ्याचा, मुलांचा जीव घेण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला. कादंबरी सत्यनिष्ठेची बाजू सोडत नाही. पण त्या स्त्रीच्या प्रश्नाला गप्पही करत नाही. वर्गभेदाचा भाग सेयर्स यांनी पुरेसा पेलला आहे असे म्हणवत नाही. जिच्याकडे ग्रंथालयाची किल्ली नाही, तिच्या तोंडी संताप देणे सोपे असते.

याच कादंबरीत एक छोटा प्रसंग प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. हॅरिएट आपली नवी रहस्यकथा पीटरला दाखवते, आणि तो वाचक म्हणून मत देतो : तिच्या कथेतल्या एका पात्राला खरी भावना दिली तर तुकडे जुळवण्याच्या खेळाची जागा कादंबरी घेईल. तसे केले तर सबंध रचनेचा तोल जाईल, आणि शिवाय ते लिहिणे दुखेल, हे तिला कळते. दुखण्याची सबब तो मान्य करत नाही. जो माणूस तिला जिवाच्या धोक्यातून वाचवून ऋणाईत करून बसला, तोच आता तिला दुखण्याचा धोका पत्करू देतो, आणि पुढे शारीरिक धोकाही. तिच्या होकाराची वाट येथून निघते. वाचकाचे परखड मत हीच बरोबरीची पहिली खूण ठरते.

पॉल रिकर यांनी 'वनसेल्फ अॅज अनदर' या १९९० च्या ग्रंथात माणसाच्या काळातील टिकाऊपणाचे दोन नमुने सांगितले आहेत : एक स्वभावाचा, म्हणजे सवयींच्या ठशाने ओळखू येणारे तेच-ते-पण, दुसरा दिलेल्या शब्दाचा, जिथे माणूस बदलतो आणि तरीही उत्तरदायी राहतो. 'तो असे वागणार नाही' या वाक्यात हे दोन्ही अर्थ मिसळलेले असतात, आणि सारी गफलत तेथे होते. अर्नाळकरांच्या वाचकाला धनंजय आणि छोटू पुस्तकागणिक तसेच्या तसे हवे असतात. काल घडलेल्याची सावली आजच्या कथेवर पडू नये, हीच तेथली अट असते. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. रोज त्याच वेळी दिसणाऱ्या शेजाऱ्यावरही माणसाचा लोभ बसतो. मात्र तो दावा पहिल्या अर्थाचा, ठशाविषयीचा आहे. शेरलॉक होम्सला १८९३ मध्ये मारून कॉनन डॉयल यांना १९०३ मध्ये परत आणावे लागले, तेही प्रामुख्याने या पहिल्या मागणीपोटी. अॅगाथा ख्रिस्ती यांच्या 'कर्टन' (१९७५) मध्ये खुनाला कधीच संमती न देणारा पॉइरो स्वतः खून करतो, तेव्हा वाचकांत फूट पडते ती याच दोन अर्थांवर. एक म्हणतो, हा पॉइरोच नव्हे. दुसरा म्हणतो, ज्याच्यावर कायद्याचा हात कधीच पडणार नाही अशा माणसाला थांबवणारा आणि नंतर स्वतःलाही सूट न देणारा पॉइरोच असू शकतो.

सेयर्स यांच्या वाचकाचा दावा दुसऱ्या अर्थाचा असतो, याचा पुरावा 'बसमन्स हनीमून' (१९३७) च्या अखेरीस आहे. पीटरने पकडलेल्या खुन्याला सकाळी आठ वाजता फाशी द्यायची आहे, आणि त्या घटिकेला पीटर हॅरिएटच्या कुशीत रडतो. हेच एक पुस्तक वाचणाऱ्याला ही नायकाची हळवी छटा वाटेल. पण १९२३ च्या 'हूज बॉडी?' पासून वाचत आलेल्याला आठवते, की पहिल्या महायुद्धात मानसिक आघात झालेला हा माणूस तेव्हाही उलगड्याच्या ऐन वेळी कोसळला होता, आणि त्याला सावरणारा बंटर युद्धात त्याचा सार्जंट होता. आपल्या शब्दावर माणसे मरायला जातात, हे ओझे तेव्हापासूनचे आहे. रहस्यकथेचा साचा उलगड्याशी थांबतो आणि फास पडद्याआड ठेवतो. तो पडदा येथे बाजूला होतो, कारण नायकाला भूतकाळ आहे आणि वाचकाला तो आठवतो. कॉलिंगवुड ज्याला कुंपणात निचरून जाणारी भावना म्हणतात, ती अशा वाचनात एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात साचत जाते. अभिनवगुप्तांचा आक्षेप मात्र शिल्लक राहतो. हे दुःख साधारण झालेले नाही. ते पीटरचेच आहे. कदाचित नैतिक निवाड्याला लागणारे विशिष्टत्व आणि रसाला लागणारी विशिष्टत्वमुक्ती यांची तडजोड होतच नसेल.

सेयर्स १९५७ मध्ये वारल्या. पीटर-हॅरिएटच्या वैवाहिक जीवनावरची 'थ्रोन्स, डॉमिनेशन्स' ही कादंबरी त्यांनी १९३० च्या दशकातच अर्धवट सोडली होती. जिल पेटन वॉल्श यांनी ती पूर्ण केली आणि १९९८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. ती हाती घेणाऱ्या जुन्या वाचकापुढे आता लेखिका नाही, करार नाही, फक्त मागच्या पुस्तकांतले सगळे आठवणारा तो स्वतः आहे. आणि पानापानाला त्याला ठरवावे लागते, की ही ऋणाच्या भीतीने पाच वर्षे थांबलेली हॅरिएट आहे की तिच्या नावाची दुसरीच कोणी.