देवाच्या मनात होतं

नेसरीच्या खिंडीचा विषय निघाला की कोणीतरी शेवटी म्हणतेच, ‘देवाच्याच मनात होतं ते.’ देवावर श्रद्धा असूनही हे वाक्य मला सलते. प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा स्वार कसे पडले, हे मराठी माणसाला नव्याने सांगायला नको. त्याआधीचे वर्ष मात्र नीट पाहावे. १६७३ मध्ये उमराणीजवळ प्रतापरावांनी विजापूरच्या बहलोलखानाचे पाणी तोडले. तहानेने जेरीस आलेला खान गयावया करू लागला, तेव्हा त्यांनी त्याला जाऊ दिले. खान पुन्हा उलटला. खानाला बुडवल्याशिवाय तोंड दाखवू नका, असे शिवाजी महाराजांचे बोल आले आणि २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीला व्हायचे ते झाले. दया, गफलत, बोल, जिव्हारी लागलेली लाज, यांतले सगळे माणसांनीच केले. मग त्यात देवाची सत्ता कुठे शोधायची?

इथे कुंभाराची उपमा हमखास येते: तोच घडवतो, मोडतो, पुन्हा घडवतो. पण कच्चे आणि भाजलेले यांत फरक आहे. चाकावरचे मडके वाकडे झाले तर त्याचा गोळा करून पुन्हा फिरवता येतो. भट्टीतून निघालेले फुटले की उरते खापर. कुडतोजी गुजराचा प्रतापराव झाला तो माती ओली असताना. खिंडीत फुटले ते भाजलेले भांडे. यावर दैववादी विचारील, तर मग देवाचा हात भट्टीपाशीच थांबला म्हणायचा? आक्षेप बिनतोड आहे, आणि त्यापुढे ती उपमा मला अपुरी वाटते. आपल्या जुन्या घरांत शेजारच्या चुलीतला विस्तव खापरीतच घालून आणत. फुटलेल्यातूनही विस्तव पुढे जातो. देवाची सत्ता मला तिथे दिसते; मात्र खापरी उचलायला माणसाचाच हात लागतो. सगळे देवाच्या नावावर टाकून मोकळे झालेला माणूस ती उचलायला वाकत नाही. खिंडीनंतर सैन्य हंबीरराव मोहित्यांनी सांभाळले, आणि साडेतीन महिन्यांत, ६ जून १६७४ रोजी, राज्याभिषेक झाला. पण महाराजांनी तेवढ्यावर हिशेब मिटवला नाही. १६८० च्या मार्चमध्ये त्यांनी आपल्या मुलाचे, राजारामांचे, लग्न लावले, ते प्रतापरावांच्या मुलीशी, जानकीबाईशी.