आजचं चिंतन : 'देवाची इच्छा' म्हणण्याआधी



आत्मा मरत नाही, म्हणून शोक करू नकोस, असं गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंत अर्जुनाला सांगतात. मग ज्या घरातलं लेकरू गेलंय, तिथे जाऊन आपणही हेच सांगायचं का?

डेव्हिड लिंडसे-अबेअर यांच्या 'रॅबिट होल' या अमेरिकन नाटकामुळे मला हा प्रश्न पडला. त्याला २००७ चं पुलित्झर पारितोषिक मिळालं. बेका आणि हावी यांचा चार वर्षांचा डॅनी कुत्र्यामागे धावत रस्त्यावर जातो आणि गाडीखाली येतो. अपघात रंगमंचावर दिसत नाही. दिसतात ते काही महिन्यांनंतरचे दिवस. बेका त्याचे छोटे कपडे घड्या घालून देऊन टाकायला काढते. हावी रात्री एकटाच त्याचा व्हिडिओ बघतो. घाव एकच, पण दोघांना एकमेकांचं रडणं कळत नाही. वर लोक म्हणतात, देवाला आणखी एक देवदूत हवा होता! बेकाचा संताप होतो.

ती नास्तिक आहे म्हणून? मला वाटतं, तिचा राग आपल्यासारख्यांवर आहे. समोरचं रडणं आपल्याला सहन होत नाही, म्हणून आपण देवाचं नाव पुढे करतो आणि विषय संपवतो.

आता गीता नीट बघा. पहिला अख्खा अध्याय अर्जुनाच्या विषादाचा आहे, आणि त्या विषादालाही 'योग' म्हटलंय. आत्म्याचं ज्ञान सुरू होतं ते अर्जुन स्वतः 'मी तुझा शिष्य, मला शिकव' म्हणाल्यावर. आणि तीच गीता ऐकलेला अर्जुन युद्धाच्या तेराव्या दिवशी अभिमन्यूसाठी ढसाढसा रडतो. ज्ञान खोटं नव्हतं. बापाचं प्रेमही खोटं नव्हतं.

नाटकातही असंच घडतं. बेकाच्या आईनेही मुलगा गमावलाय. हे दुःख कधी जातं का, असं बेका विचारते. आई सांगते, जात नाही. पण त्याचं वजन बदलतं, खिशातल्या विटेसारखं ते वागवता येतं. हे बोल बेकाला टोचत नाहीत, कारण तिने विचारलं होतं आणि सांगणारीच्या खिशातही वीट होती.

आजचा संकल्प : कुणाकडे असं दुःख असेल तर श्लोक फॉरवर्ड करू नका. जा, शेजारी बसा, त्या बाळाचं नाव घ्या. विचारलं तरच बोला. तोवर नामस्मरण मनातल्या मनात.

राम कृष्ण हरी 🙏